मदत हवी आहे : शुगरची एकच गोळी, बाबांना काही नाही, आईला त्रास

आम्ही खानापूरजवळच्या खेड्यातले. आई-बाबा दोघांनाही शुगर आहे, दोघांनाही मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम चालू आहे. बाबांना काहीच नाही. आईला मात्र लघवीच्या जागी सतत खाज, आग, अंगावरून पांढरं जातंय. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. भर दुपारी न्हाणीत जाऊन गार पाणी ओतून घेताना वहिनीनं बघितलं, तेव्हा कळलं.

ही डापाग्लिफ्लोझिनची गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्या साखरेवर बुरशी वाढते, आणि हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. माहितीपत्रकातच आहे हे! मग गोळी लिहून देताना एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? निपाणीची मावशी पायोग्लिटाझोन ही शुगरचीच दुसरी गोळी घेते. त्यानं बायकांत हाड मोडायचा धोका वाढतो, तेही तिला कुणी सांगितलेलं नाही.

आई गोळीच बंद करते म्हणते. मनानं सोडली तर शुगर चढेल, म्हणून थांबवून धरलंय.

बेळगावात शुगर बघणाऱ्या, मराठीत बोलणाऱ्या लेडी डॉक्टर कुणाच्या माहितीत आहेत का? आईला कन्नड जेमतेम येतं, आणि पुरुष डॉक्टरांपुढं ती फक्त "बरं आहे" म्हणते. तुमच्या घरात कुणाला हा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांनी गोळी बदलली की मलम देऊन तीच चालू ठेवली? ताई-मावश्यांनी स्वतः लिहिलं तर फार बरं होईल. इथं संकोच वाटला तर मेसेज करा, वहिनी बोलेल.