जिवाचा ‘नांगर’ कोणता?

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या आईच्या दफनविधीला नगर जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून वाचलं, त्यात आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलं होतं. दफनभूमीच्या कुंपणापलीकडे नुकतंच नांगरलेलं रान. वाटलं, ढेकळं फोडून पेरणीला जमीन तयार करायची, तशी उपमा असेल. बरोबर आहे का? शिवाय याच माउलीबद्दल दोन दिवस आधी डॉक्टर म्हणाले होते, “आता आशा नाही.” मग इथे आशा कसली?

—

नांगर जहाजाचा आहे हो! इब्री लोकांस पत्र, ६:१९. हिंदीत तिथे ‘लंगर’ आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही. मराठीत शेत नांगरतात आणि होडीही नांगरतात. एकात ढेकूळ जागचं हलवायचं, दुसऱ्यात होडी जागची हलू द्यायची नाही. घाटावरच्या माणसाला बैल दिसणार, कोळीवाड्यातल्याला दोर.

त्याच ओळीत पुढे हा नांगर ‘पडद्याच्या आत’ पोचतो असं आहे. पडदा यहुद्यांच्या उपासनास्थानातला, अगदी आतल्या परमपवित्र स्थानापुढचा. नांगर टाकला की तो दिसत नाही, ताणलेला दोर तेवढा दिसतो, तसं काहीसं. रोमच्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत, तेही जहाजाचेच.

पण तुमची पेरणी अगदीच वाया गेली नाही. १ करिंथ १५ मध्ये मेलेल्या देहाला पेरलेल्या दाण्याची उपमा आहे, आणि तो अध्यायही दफनाच्या वेळी वाचतात.

—

‘आशा’बद्दल. आपल्या रोजच्या मराठीत हा शब्द जरा बिचारा आहे: वेडी आशा, आशाळभूत, आशेला लावणे. डॉक्टरांची आशा म्हणजे शक्यता, श्वास थांबला की संपली. चर्चमधली आशा तिथून पुढची, पुनरुत्थानाची. अर्थाने ती ‘भरवसा’ला जास्त जवळची. मी भाषांतर करत असतो तर मोह झाला असता, पण ‘भरवसा’ घातला की वाट पाहणं निघून जातं. ‘आशा’च बरी.

—

आमच्याकडे निधनाच्या पत्रिकेत कैलासवासी न लिहिता ‘ख्रिस्तवासी’ लिहितात, किंवा ‘प्रभूमध्ये झोपी गेले’. बाहेरच्यांना हे मृत्यू झाकणं वाटतं. गंमत म्हणजे येशूच्या शिष्यांनाही कळलं नव्हतं. आपला मित्र लाजर झोपी गेला आहे असं येशूने म्हटल्यावर ते म्हणाले, झोप लागलीय तर बरा होईल (योहान ११). शेवटी येशूला उघड सांगावं लागलं की तो मेला आहे. आणि कबरीकडे जाताना तो स्वतः रडला. इंग्रजी ‘सेमेटरी’चं मूळही ग्रीकमध्ये ‘झोपायची जागा’ असंच आहे.

रडू नका असं शास्त्र म्हणत नाही. १ थेस्सलनी ४:१३ म्हणतं, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. म्हणून आमच्यात हुंदके देत देतच गीत म्हणतात, सूर हमखास चुकतो, पेटीवाला थांबून घेतो.

—

मूळ प्रश्न विचारणारा मीच. सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “आईने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. ती ओळ तिला पाठ होती, आणि तिचा नांगर नक्की बैलाचाच असणार.”