‘स्थितप्रज्ञ’ म्हणजे ढिम्म नव्हे

मूळ मत:
‘रस्ता खचला, पालिका मात्र स्थितप्रज्ञ.’ असली वाक्यं आता सर्रास दिसतात. ज्याला काही वाटतच नाही तो स्थितप्रज्ञ, असं त्यात धरलेलं असतं. समास सोडवून बघा: स्थिता प्रज्ञा यस्य सः, म्हणजे ज्याची प्रज्ञा (बुद्धी) स्थिर आहे तो, बहुव्रीही. स्थिर आहे ती प्रज्ञा, हातपाय नव्हेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ५४) अर्जुन विचारतो, असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? ६४व्या श्लोकात तर तो विषयांतच (इंद्रियांना भुलवणाऱ्या गोष्टींतच) वावरतो, फक्त आसक्ती आणि द्वेष सुटलेले असतात. पालिकेसाठी ढिम्म, सुस्त, निगरगट्ट हे शब्द आहेत की!

प्रतिसाद १:
व्युत्पत्ती दाखवून अर्थ अडवता येत नाही. गीतेच्या १२व्या अध्यायात ‘उदासीन’ हा भक्ताचा गुण आहे, पक्ष न घेणारा या अर्थाने. आज ‘मतदार उदासीन’ म्हटलं की आस्था नसलेला. ‘शिक्षा’ही मुळात शिकवण. आणि पालिकेचं वाक्य चूक नाहीच, ती विपरीत लक्षणा आहे, म्हणजे शब्द उलट अर्थाने वापरून मारलेला टोमणा.

मूळ मत मांडणारी:
लक्षणा मान्य, पण मूळ अर्थ वाचणाऱ्याला ठाऊक असेल तोवरच टोमणा लागतो. ‘म्हैस स्थितप्रज्ञपणे रवंथ करत होती’ यात टोमणा कुठाय? ‘उदासीन’चा अर्थ सरकला तरी ‘तटस्थ’ हाताशी होता. इथे बदली शब्द सांगा. ‘निर्विकार’ चेहऱ्यापुरता, ‘अलिप्त’ म्हणजे बाजूला राहिलेला. लिहिताना त्या जागी ‘ढिम्म’ घालून पाहावं. अर्थ तोच राहिला तर ‘ढिम्म’च लिहावं.

प्रतिसाद २:
‘संयमी’शीही गल्लत होते. दुसऱ्याच अध्यायातला श्लोक ५९: न खाणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी उरते. दातओठ खाऊन राग गिळणारा संयमी. ज्याला राग गिळावाच लागत नाही तो स्थितप्रज्ञ. लेखनातही चुका होतात. ‘स्थि’ ऱ्हस्व. विशेषण म्हणून रूप बदलत नाही (स्थितप्रज्ञ बाई, स्थितप्रज्ञ माणसाला), नाम झालं की बदलतं: स्थितप्रज्ञाची लक्षणं.

प्रतिसाद १:
फरक पटला. तरी रूढ झालेला वापर कोशातून गाळू नये. दुसरा अर्थ द्यावा, पुढे ‘उपरोधाने’ अशी खूण करावी.

मूळ मत मांडणारी:
त्या खुणेसकट चालेल. खुणेशिवाय नाही.