पानाची मागची बाजू : कुंडीतल्या किडी आणि रोगांचे आपले अनुभव

मुंबईत बाग म्हणजे बहुतेकांसाठी गॅलरीच्या कठड्यालगतच्या दहा-पंधरा कुंड्या, नाहीतर सोसायटीने वापरू दिलेला गच्चीचा एक कोपरा. जागा थोडी, हवा दमट आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या, त्यामुळे एका रोपावरची कीड आठवडाभरात शेजारच्या चार रोपांवर पोचते. गेल्या पावसाळ्यात माझा अकरा वर्षांचा मोगरा गेला. पाने मलूल दिसली म्हणून मी पाणी वाढवले, नंतर खत दिले, त्यानंतर कीटकनाशक फवारले, आणि अखेर कुंडी उपडी केली तेव्हा मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊन कुजलेली निघाली. तळाचे छिद्र घट्ट बसलेल्या मातीने पूर्ण बुजले होते. तहानलेले रोप आणि मुळे कुजलेले रोप सारखीच मान टाकते. फरक कळतो तो मातीत दोन पेरे बोट खुपसल्यावर. माती ओली असूनही पाने मलूल असतील, तर पाणी ताबडतोब थांबवायला हवे.

म्हणून सर्वांना विनंती आहे की, लक्षण काय दिसले, आधी काय वाटले, प्रत्यक्षात काय निघाले आणि कोणत्या उपायाने किती दिवसांत फरक पडला, हे सविस्तर लिहावे. औषधाचे नाव लिहिताना प्रमाणही द्यावे. फसलेले उपायही अवश्य सांगावेत.

गोरेगाव, चौथा मजला

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसले, तेव्हा मी त्यांना बुरशी समजले आणि तीन आठवडे बुरशीनाशक फवारत राहिले. कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या आणि कोवळी पाने चुरगळून त्यांचा गोळा होत होता. एका सकाळी चष्मा लावून एक पुंजका काडीने उकलला, तर आत पिठात घोळवल्यासारखे गुलाबीसर किडे हळूहळू सरकत होते. हा पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावरच्या मेणकट आवरणामुळे नुसते औषध आतपर्यंत पोचत नाही. मी चुरगळलेले शेंडे कापून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले, कारण ते कचऱ्याच्या डब्यात उघडे टाकले तर किडे चालत परत येतात. उरलेल्या पुंजक्यांवर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि २ मिली सौम्य द्रव साबण घुसळून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारले. दर सात दिवसांनी अशा चार फवारण्या केल्या आणि झाड स्वच्छ झाले.

दोन महिन्यांनी कीड परत आली. या वेळी मी खोडाकडे नीट पाहिले, तर मुंग्यांची अखंड रांग वर चालली होती. पिठ्या ढेकूण जो गोड चिकट द्राव सोडतो, तो मुंग्यांना हवा असतो; म्हणून त्या या किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लांना उचलून नव्या फांदीवर नेतात. मी पाण्याच्या थाळीत विटेचा तुकडा ठेवून त्यावर कुंडी बसवली आणि ग्रिलला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. मुंग्यांची वाट बंद झाल्यापासून गेली दोन वर्षे मला फवारणी करावी लागलेली नाही. थाळीतले पाणी मात्र दर दोन दिवसांनी ओतून टाकावे, नाहीतर त्यात डास होतात.

विलेपार्ले, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका

गोरेगावच्या ताईंच्या अनुभवाला एक जोड देते, कारण याच कामात अनेकांच्या हातून एक चूक होते. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधी कधी एखादा जरा मोठा, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब लोंब्या असलेला आणि बाकीच्यांपेक्षा भरभर चालणारा किडा दिसतो. तो पिठ्या ढेकूण नसून क्रिप्टोलेमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते आणि तिचे अन्नच पिठ्या ढेकूण आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ मध्ये किडींच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला. अळी दिसली तर त्या फांदीवर दहा-बारा दिवस काहीही फवारू नये. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर भागात प्रथम आढळला आणि पपईबरोबर तुती, टॅपिओका, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला. शेतकऱ्यांनी फवारणीवर फवारणी केली, पण कीड खऱ्या अर्थाने आटोक्यात आली ती २०१० मध्ये परदेशातून आणून सोडलेल्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्यांमुळे. मित्रकीटक मारून आपण शत्रूला मोकळे रान देतो, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे.

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे काही दिसले, तर तेही झटकून टाकू नये. ती लिंबावर्गीय झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची लहान अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. झाड मोठे असेल तर दोन-तीन अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही. रोप वीतभरच असेल, तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात.

चेंबूर, गच्चीवरील बाग

एप्रिलमध्ये गुलाबाची पाने फिकट, धुळकट दिसू लागली. मला ते उन्हाने झाले असे वाटले. नर्सरीतून मिळालेले कीटकनाशक दोनदा फवारल्यावर पाने अधिकच तांबूस झाली आणि देठांच्या बेचक्यांत बारीक जाळी दिसू लागली. तेव्हा मी पांढऱ्या कागदावर एक पान टिचकी मारून झटकले. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि क्षणभराने ते कण चालू लागले. हे लाल कोळी. कोळी हा कीटक नसल्यामुळे अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, उलट त्याला खाणारे जीव मरतात आणि तो वाढतो. उन्हाळ्याच्या कोरड्या, तापलेल्या हवेत, विशेषतः गच्चीवर, त्याचे फावते. मी पंधरा दिवस रोज सकाळी नळीने पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि फार लागलेली पाने तोडली. तेवढ्याने पुरले. गंधकाची भुकटी पाण्यात २ ग्रॅम प्रतिलिटर मिसळून वापरतात, हे मला ठाऊक होते, पण कडक उन्हाळ्यात गंधकाने पाने करपतात, शिवाय कडुनिंबाच्या तेलानंतर दोन आठवडे ते वापरू नये, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

लालबाग

कडुनिंबाचे तेल निरुपद्रवी आहे, जितके जास्त तितके चांगले, असे मानून मी लिटरला २० मिली घेतले आणि सकाळी अकराच्या उन्हात फवारले. दुसऱ्या दिवशी तुळशीची आणि शेवंतीची पाने भाजल्यासारखी झाली. आता संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आधी एका पानावर करून पाहून आणि दोन दिवस थांबूनच पूर्ण झाडावर फवारतो.

मुलुंड, तळमजल्यावरील आवार

आमच्याकडे पहिल्या दोन पावसांनंतर आफ्रिकन गोगलगायी येतात. रात्रीतून झेंडूचे आणि काकडीचे वाफे बुंध्यापर्यंत खाल्ले जात होते आणि आम्ही उंदरांना दोष देत होतो. रात्री दहाला टॉर्च घेऊन उतरलो, तेव्हा भिंतीवर, पायरीखाली, कुंडीच्या तळाशी मुठीएवढ्या गोगलगायी दिसल्या. ही जात मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तेथून देशभर पसरली.

पहिल्या वर्षी आम्ही वाफ्यांभोवती मीठ टाकले. गोगलगायी मेल्या, पण पावसाने मीठ मातीत मुरले आणि त्या वाफ्यातली रोपे वाळली. दुसऱ्या वर्षी गोळ्यांचे विष आणले, ते आवारातल्या मांजरांच्या भीतीने वापरलेच नाही. आता संध्याकाळी ओली गोणपाटे आणि त्याखाली पपईची व कोबीची पाने पसरतो. पहाटे गोणपाट उचलले की गोगलगायी एकाच जागी गोळा झालेल्या सापडतात. त्या दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून नंतर बागेपासून दूर खोल पुरतो. हे सर्व हातमोजे घालूनच करावे, कारण यांच्या अंगात माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंत असू शकतो. याच कारणाने बागेतली पालेभाजी चार पाण्यांनी धुऊन, शिजवूनच खावी. माती उकरताना साबुदाण्याएवढी फिकट पिवळसर अंडी झुपक्याने सापडतात. एका वेळी ती शंभराहून अधिक असू शकतात. जून-जुलैत ती वेचली, तर ऑगस्टमधले निम्मे श्रम वाचतात, असा आमचा तीन वर्षांचा अनुभव आहे.

दादर

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पाने वळून आकसणे, हा एकच रोग समजून मी दोन वर्षे एकच उपाय केला. प्रत्यक्षात तीन वेगळी कारणे असतात. पान कडांनी वर वळून होडीसारखे झाले, तर बहुधा फुलकिडे. पान खाली वळून देठ लांबट झाला, तर कोळी. आणि सर्व पाने बारीक, पिवळसर होऊन झाड खुरटले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींत शेंडा खुडून आणि कडुनिंबाच्या तेलाच्या तीन-चार फवारण्यांनी माझी झाडे पुन्हा फुटली. विषाणूवर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बंद करून टाकावे लागते आणि बाकीच्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावून पांढरी माशी धरावी लागते. फळाला आलेले झाड उपटताना जीव तुटतो, पण मी एक झाड राखण्याच्या मोहात उरलेली पाचही घालवली होती.

माहीम, दुसरा मजला

माझ्या अनंताच्या आणि लिली-कर्दळीच्या पानांवर काजळी धरली होती. ओल्या फडक्याने पुसली की निघायची आणि पंधरा दिवसांत परत यायची. काजळीखालचे पान हिरवेगार आणि धडधाकट होते, म्हणजे रोग पानाच्या आत नव्हता. ही काळी बुरशी किडीच्या गोड द्रावावर वाढते, हे वाचले होते, पण माझ्या झाडांवर भिंग लावूनही एकही कीड सापडेना. एका दुपारी कठड्यावर हात ठेवला, तर तो चिकटला. वर पाहिले तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची जास्वंद ग्रिलबाहेर वाकलेली होती आणि तिचे शेंडे पांढरे झाले होते. द्राव तिथून ठिबकत होता.

मी वर जाऊन काकूंना दाखवले. त्यांना आधी वाईट वाटले, कारण ती जास्वंद त्यांच्या रोजच्या पूजेची. आम्ही दोघींनी मिळून एका रविवारी शेंडे कापले, गोरेगावच्या ताईंनी लिहिलेल्या प्रमाणानेच फवारणी केली आणि मुंग्यांची रांग शोधत गेलो, तर ती चौथ्या मजल्याच्या पाइपापर्यंत पोचली. पुढच्या रविवारी त्या घरीही गेलो. महिनाभरात कठडा कोरडा झाला. काकूंकडे काल पहिली कळी उमलली, तीही पूजेला न घेता त्यांनी झाडावरच राहू दिली.