मदत हवी आहे: भागीदार कारखान्यात विद्यार्थ्यांना सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनच्या सेटिंगचं काम कसं मिळवून द्यायचं?

मॅन्युफॅक्चरिंगचे 12 विद्यार्थी आठवड्यातून 2 दिवस भागीदार कारखान्यात जातात. करारात टर्निंग, मिलिंग, तपासणी असं फिरतं वेळापत्रक आहे. प्रत्यक्षात मिळतं ते डीबरिंग (कडांवरची धातूची कुसळं काढणं), पॅकिंग, फार तर मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) लावणं-काढणं. सुपरवायझरची भीती रास्तच आहे: वर्क ऑफसेट (मशीनला दिलेला जॉबचा शून्यबिंदू) किंवा टूल लेंग्थ (टूलची नोंदवलेली लांबी) चुकली की टूल जॉबवर आपटतं, स्पिंडलला (मशीनच्या फिरत्या मुख्य दांड्याला) मार बसतो आणि उत्पादन थांबतं.

कॉलेजात सिम्युलेटरवर जी54 (वर्क ऑफसेटचा कोड) आणि टूल ऑफसेटचा सराव, मायक्रोमीटरची चाचणी, सुरक्षा प्रशिक्षण सगळं करून घेतलंय. नोंदवहीवर सहीही मिळते, पण शेरा 'मशीनवर काम केले' एवढाच; त्यातून कौशल्य काय कळणार? सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू, रॅपिड (कापत नसतानाची वेगवान हालचाल) 25 टक्के आणि शेजारी ऑपरेटर ठेवून पहिला जॉब काढू द्या, असं सुचवलं. वेळ जातो म्हणून नकार आला.

वेगळं मशीन किंवा रात्रपाळी शक्य नाही. विमा आहे.

नव्या बॅचच्या सेटअपपुरतं विद्यार्थ्याला सेटरसोबत (मशीन सेट करणाऱ्या कामगारासोबत) जोडायची अट कुणी करारात घातली आहे का? सेटरचा जादा वेळ आणि टूल तुटल्यास खर्च कोणी सोसायचा, हे कलम नेमकं कसं लिहिलंत?