वनराज अंडी देते, पण खुडूक बसत नाही

वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात पण उबवायला बसत नाहीत, काय करावं, असं एकाने विचारलंय. त्या बसणारही नाहीत. जास्त अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींत खुडूकपणा, म्हणजे अंड्यांवर बसून राहायची ओढ, फारसा उरत नाही. म्हणून एक-दोन गावठी कोंबड्या हव्यातच. त्यातली एखादी खुडूक झाली की अंधार पडल्यावर तिच्याखाली दहा-बारा अंडी हळूच सरकवा. आठवड्याहून जुनी अंडी नकोत, आणि कृपा करून ती धुऊ नका. सातव्या-आठव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका. 21 दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

मात्र वनराज ही संकरित. घरच्या अंड्यांतली पुढची पिढी वजनाला आणि अंड्यांना तशीच निघेल असं धरू नका.

आणि लस! मानमोडी (राणीखेत रोग) शिरली की खुराडंच रिकामं होतं. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की लासोटा या मानमोडीवरच्या लसीचा एक थेंब डोळ्यात टाका, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा द्या. कुपी दुकानातून बर्फातच आणायची, फोडली की लगेच वापरायची.