फ्रेंड्स: सोफा भारीच, पण तो प्रश्नांचा खेळ!

'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेत रॉसचा सोफा जिन्यात अडकतो तो प्रसंग भारी आहेच, पण माझ्यासाठी सगळ्यात वर १९९८चा प्रश्नांच्या खेळाचा भाग. पैज लागलेली, एका बाजूला मोनिका-रेचलचं घर, दुसऱ्या बाजूला जोई-चँडलरचा कोंबडा आणि बदक! आणि मोनिका-रेचल अडतात कुठे, तर चँडलर नोकरी काय करतो यावर. रेचल 'ट्रान्सपॉन्स्टर' असं काहीतरी ठोकून देते नि राहतं घर जातं. इतकी जिवलग मैत्री, तरी त्याचं काम ठाऊक नाही, किती खरंय हे! त्याच भागात त्यांची मैत्रीण फीबी भावाचं मूल पोटात वाढवायला (सरोगसी) दवाखान्यात जाते आणि बशीतल्या भ्रूणांशी बोलते. फीबी साकारणारी लिसा कुड्रो तेव्हा खरोखर गरोदर होती, म्हणून हे कथानक आलं. ते बोलणं तिने काय जीव ओतून केलंय!