वैमानिक अक्षम झाले तर विमानातील माणसांच्या हातात काय असते?

साळोखेनगरची लेक

नमस्कार. आई-वडिलांना कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबादला घेऊन जाण्याचे ठरत आहे आणि दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरहून पुण्याला निघालेल्या विमानाचे वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळून मरण पावले होते. ती बातमी वडिलांच्या मनातून गेलेली नाही आणि हेच आकाशात घडले असते तर काय झाले असते, असे ते विचारतात. अशा वेळी केबिन क्रूला विमान उतरवता येते का? ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, ते उतरवतो का? आणि आमच्यासारख्या प्रवाशाला काही करता येते का? वडिलांना नुसता धीर देऊन भागणार नाही, म्हणून जाणकारांनी खरे काय ते सांगावे.

रुईकर कॉलनी (निवृत्त केबिन क्रू)

ताई, वडिलांचा प्रश्न रास्त आहे. प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात आणि दोघांपैकी कोणीही एकट्याने विमान सुखरूप उतरवू शकेल, असेच त्यांचे प्रशिक्षण असते. म्हणून नागपूरसारखा प्रसंग आकाशात ओढवला असता, तरी दुसऱ्या वैमानिकाने विमानाचा ताबा घेऊन एटीसीला (जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) आणीबाणी कळवली असती आणि जवळच्या योग्य विमानतळाकडे मोर्चा वळवला असता.

केबिन क्रूचे काम इथे सुरू होते. बेशुद्ध माणसाचे शरीर पुढे कलंडून कंट्रोलवर पडू शकते किंवा त्याचे पाय पेडलवर दाबले जाऊ शकतात. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे त्याला मागे ओढून खांद्यांचे पट्टे आवळून घट्ट करणे आणि आसन मागे सरकवणे. प्रथमोपचार त्यानंतर. मग प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का, कोणी वैमानिक आहे का, याची विचारणा होते, आणि गरज पडल्यास क्रूपैकी एक जण कॉकपिटमध्ये बसून उरलेल्या वैमानिकाला चेकलिस्ट वाचून दाखवतो. जानेवारी २००८ मध्ये टोरांटोहून लंडनला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिकाची मानसिक अवस्था बिघडली, तेव्हा वैमानिकाचा परवाना असलेल्या एका क्रू सदस्याने शेजारच्या आसनावर बसून कॅप्टनला मदत केली आणि विमान आयर्लंडमधील शॅनन येथे उतरले. विमान उतरवले ते कॅप्टननेच.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवले आणि कॅप्टन वाचला. क्रूकडून अपेक्षा असते ती अशा मदतीची. विमान चालवण्याचे शिक्षण आम्हाला दिले जात नाही.

कसबा बावडा (हवाई दलातून निवृत्त तंत्रज्ञ)

ऑटोपायलटबद्दल मी लिहितो, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांसारखी जेट विमाने स्वतःहून उतरू शकतात, परंतु त्यासाठी धावपट्टीवर तशी यंत्रणा लागते आणि वेग, फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागे खाली सोडायच्या पट्ट्या), चाके यांची पूर्वतयारी माणसालाच करावी लागते. कोल्हापूरहून एटीआर ७२ जातीच्या विमानांची सेवा राहिलेली आहे. त्या विमानात आपोआप उतरण्याची सोय नाही आणि इंजिनांची शक्तीही वैमानिकच हाताने कमी-जास्त करतो. मे २०२२ मध्ये फ्लोरिडात एका प्रवाशाने एटीसीच्या सूचना ऐकून विमान उतरवले, ते खरे आहे, पण ते एक इंजिनाचे छोटे सेसना होते.

कॉकपिटचे दार बंद असल्याचीही अनेकांना भीती वाटते. बाहेरून आणीबाणीचा कोड टाकल्यावर आतून कोणी नकार दिला नाही, तर थोड्या अवधीनंतर दार उघडते. मे २०१० मध्ये दुबईहून पुण्याला येणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात कॅप्टन स्वच्छतागृहात असताना सहवैमानिकाकडून आसन सरकवताना कंट्रोल पुढे दाबला गेला आणि विमान हजारो फूट खाली झेपावले. गोंधळलेल्या सहवैमानिकाने दार उघडले नाही. कॅप्टनने कोड वापरून आत प्रवेश केला, विमान सावरले आणि ते पुण्यात सुखरूप उतरले. याच दाराची दुसरी बाजू मार्च २०१५ मध्ये दिसली. जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर आतून दार अडवून धरले, विमान मुद्दाम डोंगरावर आदळवले आणि १५० जणांचा जीव गेला.

एक डॉक्टर, ताराबाई पार्क

दोघेही वैमानिक एकाच वेळी अक्षम होण्याचे सर्वांत खरे कारण म्हणजे केबिनमधील हवेचा दाब कमी होणे. ३५,००० फुटांवर दाब गेला, तर माणूस साधारण अर्धा ते एक मिनिटच भानावर राहतो, आणि त्या काळातही आपले काही चुकते आहे हे त्याला उमगत नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाचा स्विच चुकीच्या स्थितीत राहिला, धोक्याच्या भोंग्याचा अर्थ वैमानिकांनी वेगळाच लावला, प्राणवायूअभावी ते बेशुद्ध पडले आणि शेवटी विमान अथेन्सजवळ कोसळून १२१ जण मरण पावले. प्राणवायूचा मास्क खाली आला की आधी स्वतःचा लावा आणि मगच आई-वडिलांचा.

साळोखेनगरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. तरीही प्रवाशाने काय करावे, हा प्रश्न उरतोच. फक्त बसून राहायचे का?

रुईकर कॉलनी (निवृत्त केबिन क्रू)

नाही, ताई. प्रवाशाला जे दिसते ते कॉकपिटमधून बहुधा दिसत नाही, म्हणून त्याने बोललेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचे विमान कोसळले. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि वैमानिकांनी उजवे बंद केले. डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना अनेक प्रवाशांनी पाहिल्या होत्या, कॅप्टनने ‘उजवे इंजिन’ असे सांगितलेलेही त्यांनी ऐकले, पण वैमानिकांना ठाऊकच असणार असे समजून कोणीही काही बोलले नाही. ४७ जण गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा (तेलाच्या दाबाने विमानाची दिशा बदलणारी) निकामी झाली. तेव्हा प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाने आपण कोण आहोत हे क्रूला कळवले आणि कॉकपिटमध्ये जाऊन केवळ उरलेल्या दोन इंजिनांच्या थ्रॉटलने (शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांनी) विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणण्यास हातभार लावला. शंभराहून अधिक माणसे दगावली, तरी १८४ वाचली.

म्हणून आग, धूर, गळती किंवा जळका वास जाणवला, तर कॉलबटण दाबून कोणत्या बाजूला काय दिसले ते क्रूला स्पष्ट सांगावे. आपण उठून पुढे धावू नये. वडिलांना खिडकीजवळची जागा द्या आणि मोकळेपणाने विचारू द्या. त्यांनी मराठीत सांगितले आणि क्रूला ते कळले नाही, तर हिंदीत किंवा इंग्रजीत सांगायला आपण शेजारी आहातच.